मशीन राहू द्या, आधी सीसीतून जाणारे तीन लाख थांबवा

प्रश्न: भोसरीत आमचा गाळा आहे. बाबा, धाकटा भाऊ आणि मी मिळून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बाहा स्पर्धेतल्या गाड्यांच्या फ्रेम, ऑफरोड बग्गीच्या चॅसी आणि जीपचे रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपचा सांगाडा) बनवतो. वर्षाला तीसेक फ्रेम होतात. पाइप बेंडिंग बाहेरून करून घेतो, फ्रेममागे पाच हजार जातात. 22 लाखांचं सीएनसी (संगणकावर चालणारं) बेंडिंग मशीन पाच वर्षांच्या कर्जावर घ्यावं का? पुढे रस्त्यावर चालणाऱ्या किट कारच्या (सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या गाडीच्या) फ्रेमही करायच्या आहेत. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज) 25 लाखांची, व्याज 11 टक्के, घर तारण. बचत चांगली आहे: मी, पत्नी आणि दोन मुलं अशा चौघांच्या पॉलिसी बँकेतूनच घेतल्या, वर्षाला 3 लाख हप्ता, 15 पैकी सहा हप्ते झाले. सीसीचं स्टेटमेंट जोडलं आहे.

उत्तर: मशीन घेऊ नका. 22 लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याला 48 हजार हप्ता बसेल, म्हणजे वर्षाला पावणेसहा लाख. वाचणार किती? तीस फ्रेमचे दीड लाख. हप्ता सुटायला वर्षाला 115 फ्रेम लागतील, आणि कॉलेजांचं काम हंगामी.

किट कारच्या भरवशावर तर मुळीच घेऊ नका. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होऊन तिला नंबर मिळतो, म्हणून तिथे लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरच्या फ्रेम विकणारी छोटी वर्कशॉप चालतात. आपल्याकडे नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते. तो खर्च मोठ्या कंपन्यांना परवडतो. जुन्या गाडीवर आरसीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बसत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. पासिंग न होणारी गाडी गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा तुमच्या दारात भांडायला येईल. बाहा आणि फार्महाऊसवरच्या बग्गी यांतच तुमचा हात बसला आहे, तिथेच राहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण स्टेटमेंट वाचून मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.

सप्टेंबरमधल्या दोन नोंदी पाहा. आधी विम्याचा हप्ता, 3 लाख, थेट सीसीतून. चारच दिवसांनी पाइपवाल्याचा 1 लाख 80 हजारांचा चेक परत, वर बँकेचा दंड. बाहाच्या फ्रेमला 25 मिमी व्यासाचा, 3 मिमी जाडीचा, किमान 0.18 टक्के कार्बन असलेला पाइप किंवा त्याच ताकदीचा दुसरा लागतो. हाताला येईल तो पाइप लावून चालत नाही. मग तो तुम्ही महिना 2 टक्क्यांच्या उधारीवर उचलला, असं तुम्हीच लिहिलं आहे. वर्षाचे झाले 24 टक्के. ही रक्कम विम्यात अडकली नसती तर पाइप रोखीनं आला असता.

याला बचत म्हणू नका. कर्ज काढून विमा भरणं चाललं आहे. चारही पॉलिसींचा विमा मिळून 40 लाख. आजवरच्या दरानं बोनस धरला तर 15 वर्षांनी 64 लाखांच्या आसपास हाती येतील. म्हणजे वार्षिक सव्वाचार टक्के. 11 टक्क्यांनी घ्यायचं आणि सव्वाचारनं लावायचं! भरलेले 18 लाख सीसीच्या व्याजासकट आज 26 लाखांना पडले आहेत. 'लिमिट रिन्यू करायची तर पॉलिसी घ्यावीच लागते' असं सांगून ज्यानं हे गळ्यात मारलं, त्यानं तुमच्या धंद्याचा विचार केलेला नाही. अशी सक्ती बँकेला करता येत नाही. फ्री-लूकची, म्हणजे नवी पॉलिसी परत करायची, मुदत केव्हाच गेली, सहा वर्षांनी तक्रारीतून फारसं निघणार नाही. पुढच्या रिन्यूअलला मात्र कुणी पुन्हा पॉलिसी पुढे केली तर 'लेखी द्या' म्हणा.

आणि एवढं भरून तुमच्या जिवावर विमा किती? दहा लाख. मुलांच्या नावानं आहे, पण मुलं कमवत नाहीत; त्यांना आधार तुमचा आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर 25 लाखांची सीसी घरावर येईल, तुमचे दहा लाख त्यात बुडतील.

क्रम चुकवू नका. आधी तुम्ही आणि भाऊ, दोघांनी प्रत्येकी एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) घ्या. तुमचं वय पत्रात नाही. चाळिशीच्या आत, निर्व्यसनी असाल तर वर्षाला माणशी पंधरा-वीस हजार. घेतानाच तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली (1874) घ्या, म्हणजे ती रक्कम बायको-मुलांची राहते, सावकाराला हात लावता येत नाही. नंतर विचाराल तर तो पर्याय मिळत नाही. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुन्यांकडे वळा.

जुन्यांचे सरेंडर (पॉलिसी मोडून आज मिळणारे पैसे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून मुदतीअखेर मिळणारे पैसे) असे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. माझा अंदाज सरेंडरला 11 लाख, पेड-अप ठेवलं तर नऊ वर्षांनी पंचवीस-सव्वीस लाख. पण 11 लाख सीसीत भरून 11 टक्के व्याज वाचवलंत, तर नऊ वर्षांत त्याचे 28 होतात. शिवाय पाइपची उधारी आजच बंद. म्हणून मी सरेंडर करायला सांगेन. सात लाखांचं नुकसान डोळ्यांत खुपेल, पण ते झालंच आहे. पुढचे 27 लाख त्यामागे घालू नका.

कॉलेजच्या टीमकडून ऑर्डरबरोबर निम्मे पैसे घ्या, निदान पाइपचे तरी. मुलं स्पॉन्सरची वाट पाहतात, आणि तोवर त्यांची फ्रेम तुमच्या सीसीवर उभी असते.

मशीनचा विषय दोन हंगाम बाजूला ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये सीसी 12 लाखांच्या खाली असेल आणि पाइप रोखीनं येत असेल, तर तेव्हाचं स्टेटमेंट पाठवा. तेव्हाही आधी हातानं चालणारं हायड्रॉलिक बेंडर पाहू.