घरच्या कामाची मोजमाप पुस्तिका

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. घराचे काम 18 दिवसांपासून बंद आहे, न्हाणीघर उखडलेले आहे, स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी सिमेंटची पोती रचलेली आहेत आणि ठेकेदार रोज सकाळी फोनवर "उद्या नक्की माणसे पाठवतो" एवढेच सांगतो, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते शेवटच्या ओळीचे. 6,40,000 रुपयांच्या कामापैकी 4,00,000 रुपये तू देऊन बसली आहेस, आणि "आणखी 1,00,000 टाका, सोमवारी काम सुरू करतो" या त्याच्या म्हणण्यावर अजून विचार करते आहेस. तो विचार आजच सोडून दे.

हा मनुष्य लबाडच असेल असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक बांधकाम विभागातील माझ्या नोकरीत मी पुष्कळ ठेकेदार पाहिले, आणि त्यांतील बरेचसे लबाड नव्हते, ओढगस्तीत होते. घरांची कामे घेणाऱ्या लहान ठेकेदाराकडे स्वतःचे भांडवल फारसे नसते. एका वेळी चार-पाच घरे अंगावर घ्यायची, तुझ्याकडून घेतलेल्या उचलीतून आधीच्या घराच्या टाइल्सची उधारी भागवायची आणि तुझ्या घराच्या टाइल्स पुढच्या गिऱ्हाइकाच्या उचलीतून आणायच्या, असा त्याचा रहाटगाडा चाललेला असतो. त्यामुळे सकाळी माणसे कोणत्या घरी पाठवायची हे ठरवताना तो एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे कुठून पैसे यायचे बाकी आहेत. तुझ्याकडे झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे त्याच्या हाती पडले आहेत. मग त्याने तुझ्याकडे का यावे?

सरकारी कामात आमच्याकडे मोजमाप पुस्तिका असते. तिची पाने क्रमांकित असतात, एकही फाडता येत नाही, नोंद शाईने करायची, खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. जागेवर जाऊन टेप लावल्याशिवाय त्यात नोंद नाही आणि नोंदीशिवाय बिल नाही. शिवाय प्रत्येक बिलातून काही रक्कम अनामत म्हणून कापून ठेवली जाते आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात दोष निघाल्यास ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावरच परत केली जाते. या पद्धतीला लोक सरकारी खाक्या म्हणून हसतात, आणि घरचे काम काढले की नेमकी तिचीच गरज पडते. तू एक शंभर पानी वही आण आणि आजपासून तसे लिहायला लाग.

मोजायचे कसे, ते तुझ्याच न्हाणीघरावर दाखवतो. त्याची लांबी 7 फूट आणि रुंदी 5 फूट, म्हणजे जमीन 35 चौरस फूट. चारही भिंतींची मिळून लांबी 24 फूट, टाइल्स 7 फूट उंचीपर्यंत, म्हणजे 168 चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा वजा जाता उरले दीडशे आणि अर्धा. जमीन धरून एकूण 185.5 चौरस फूट. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये मात्र हाच आकडा 240 आहे. तुटफूट आणि कापाकापी यांसाठी टाइल्स दहा टक्के जास्त आणाव्या लागतात, हे मान्य. पण लावण्याची मजुरी जेवढे लागले तेवढ्याचीच द्यायची असते. दरवाजाला कोणी टाइल्स लावत नाही.

मोजमापाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहणे. येथे माझीच फजिती सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांची कामे तपासलेल्या मी 2009 साली स्वतःच्या घरी, ठेकेदार शेजाऱ्यांच्या ओळखीचा म्हणून, न्हाणीघराचा कोबा, म्हणजे टाइल्सखालचा पाणी अडवणारा थर, झाल्यावर पाणी भरून पाहिले नाही. "साहेब, वीस वर्षे हेच करतोय," असे तो म्हणाला आणि मला संकोच वाटला. काम करणारा गवंडी मात्र तो खाली गेल्यावर हळूच म्हणाला होता की, दोन दिवस पाणी ठेवून बघा. चौथ्या महिन्यात खालच्या मजल्यावरील आजींच्या स्वयंपाकघरात छताचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, आणि तोवर ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले होते. सगळ्या टाइल्स पुन्हा उखडल्या. त्या आजी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, याचीच अधिक लाज वाटली.

आता तू काय करावेस ते लिहितो. घराच्या प्रत्येक खोलीची, पडून असलेल्या मालाची आणि अर्धवट कामाची छायाचित्रे घे आणि झालेल्या कामाची मोजणी वहीत लिहून त्याखाली सोसायटीतील दोघांच्या सह्या घे. मग ठेकेदाराला लेखी कळव की अमुक काम झाले आहे, त्याची किंमत कोटेशनच्या दराने अमुक होते, उरलेले काम 15 दिवसांत पुन्हा सुरू करून अमुक तारखेपर्यंत पूर्ण करावे, अन्यथा ते दुसऱ्याकडून करून घेऊन जास्तीचा खर्च तुमच्याकडून वसूल केला जाईल. हे व्हॉट्सॲपवर पाठवच, पण स्पीड पोस्टानेही पाठव आणि पोच जपून ठेव. भाषा सभ्य ठेव. रागाने लिहिलेले पत्र पुढे आपल्यालाच अडचणीचे होते.

पोलीस ठाण्यात गेलीस तर बहुधा ही दिवाणी बाब आहे असेच ऐकायला मिळेल. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तू राहतेस त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर. निकालाला वेळ लागतो, हे गृहीत धर. पण हिशेब लेखी आणि मोजून मांडलेला दिसला की पुष्कळ ठेकेदार त्याआधीच माणसे पाठवतात.

तो परत आला, तर उरलेल्या पैशांचे टप्पे पाड: कोब्याची पाणीचाचणी उतरली की इतके, टाइल्स लागल्या की इतके, ओटा बसला की इतके, आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर तीन महिन्यांनी. "एक्स्ट्रा" कामाचा दर आधी लिहून घेतल्याशिवाय हातोडा चालू देऊ नकोस. सिंकखालच्या कपाटाच्या प्लायवुडवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडच्या मानकाचा, शिक्का प्रत्येक फळीवर पाहा. नमुन्याची फळी एक आणि लावलेली दुसरी, हा प्रकार जुना आहे. पैसे बँकेतूनच दे.

गवंड्यावर आणि बिगाऱ्यांवर मात्र चिडू नकोस. गेल्या दोन आठवड्यांची खर्ची त्यांनाही मिळालेली नसण्याचा संभव आहे, आणि तुझ्या न्हाणीघरात नळाची पाइप नेमकी कुठून फिरवली आहे हे ठेकेदाराला नव्हे, त्या गवंड्यालाच ठाऊक आहे.

कोबा वाळला आहे आणि टाइल्स अजून लागलेल्या नाहीत, असे तू लिहिले आहेस. हे एक बरे झाले. गुरुवारी संध्याकाळी जाळीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा घट्ट बसव, दोन इंच पाणी भर आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख व वेळ लिही. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेव. शनिवारी संध्याकाळी मी टेप आणि टॉर्च घेऊन येतो. आधी त्यांच्याकडे छत पाहू आणि मग वर येऊ.

तुझा,
काका