टाइमआउट म्हणजे ‘फेल’ नव्हे

बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामात नवीन आला आहेस, तर आधी एक गैरसमज काढून टाक. शिल्लक सतत तंतोतंत हवी, त्यासाठी सेवा बंद ठेवली तरी चालेल, असं बँकेत नसतं. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी 2000 साली मांडलेला कॅप सिद्धांत वाच: नेटवर्क तुटलं की अचूकता आणि उपलब्धता, दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

आता एटीएम बघ. बँकेचा सर्व्हर उत्तर देत नसला, तरी कार्ड नेटवर्क काही वेळा बँकेच्या वतीने ठरलेल्या मर्यादेपर्यंत मंजुरी देतं. समजा मर्यादा 2000 आणि खात्यात 1500 रुपये. ग्राहकाने पूर्ण 2000 काढले, तर खातं 500 ने उणे जाईल. बँक हा धोका जाणूनबुजून पत्करते, कारण रात्री दवाखान्याबाहेर उभ्या माणसाला पैसे मिळायला हवेत. मला हे पटतं.

उलट प्रकार जास्त त्रासाचा: पैसे कापले, नोटा आल्याच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार ते 5 दिवसांत परत जमा व्हायला हवेत, पुढे रोज 100 रुपये भरपाई. म्हणून उत्तर वेळेत आलं नाही, म्हणजे टाइमआउट झाला, तर व्यवहार फेल झाला असं धरू नकोस; त्याच रेफरन्स नंबरने आधी स्टेटस विचार. मी एकदा नव्या नंबरने रिट्राय (तोच व्यवहार पुन्हा पाठवणं) लावला आणि लोकांचे पैसे दोनदा कापले गेले. तेव्हापासून ताळमेळाची फाइल, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळतात का ते दाखवणारी, रोज सकाळी मी स्वतः उघडतो. तूही उघड.