वाफेच्या काही इंजिनांना मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, का नसतो? आणि त्यांच्या पाण्याच्या टाक्या इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या का?

तुम्ही ब्रिटनमधल्या जुन्या इंजिनांबद्दल विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. टेंडरवालं इंजिन उलटं पळवायला गैरसोयीचं, म्हणून शेवटच्या स्टेशनावर ते फिरवायला टर्नटेबल लागतं. लोकल गाड्या, गोदीतलं शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणं, खाणीकडे जाणारे फाटे, इथे दिवसभर मागे-पुढे करायचं असतं आणि पाणी जवळच मिळतं. मग टेंडर हवा कशाला? पाणी बॉयलरभोवती, कोळसा ड्रायव्हरच्या पाठीमागे, झालं टँक इंजिन. वर पाण्याचं वजन चाकांवर पडून रुळावरची पकड वाढते, तो फायदा वेगळाच.

टाक्यांचे आकार मला खरे कळले ते इंग्लंडमधल्या डिडकॉटला. नोकरीनिमित्त रेडिंगला राहायचो, तिथून डिडकॉटचं जुनं लोको शेड अगदी जवळ. तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं 1363 नंबरचं छोटं इंजिन आहे, 1910 सालचं. त्याची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी बॉयलरवर स्वार झालेली. त्याच शेडमध्ये 5700 वर्गातलं इंजिनही होतं. त्याच्या टाक्या दोन, बॉयलरच्या दोन्ही अंगांना, पडशी टाकल्यासारख्या, आणि खालपर्यंत न आलेल्या. मी वाकून पाहिलं तर टाकीखालून आतले दांडे सरळ दिसत होते. यातली बरीचशी यंत्रणा चाकांच्या मधे असते. बाजूची टाकी खालपर्यंत आणली तर तेल घालणाऱ्याने हात घालायचा कुठून?

मग खोगीर सोडून पडशी का? कारण भट्टी. ग्रेट वेस्टर्नने बेल्पेअर पद्धतीची भट्टी घेतली. तिचा माथा गोल नसतो, सपाट आणि चौकोनी खांद्यांचा असतो. त्यावर खोगीर नीट बसेना. 1363 च्या वर्गाची गोल माथ्याची पाच इंजिनं झाली होती. त्याच धाटणीची सहा इंजिनं 1934 मध्ये पुन्हा बांधली, तेव्हा भट्टी बेल्पेअर आणि टाक्या पडशीच्या. माझ्या मते सगळा फरक समजायला ही एक जोडी पुरे.

5700 वर्ग मात्र अफाट वाढला. 1929 ते 1950 मध्ये 863 इंजिनं! ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट 1968 मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली, तरी लंडन ट्रान्सपोर्टने विकत घेतलेली यातली काही जून 1971 पर्यंत देखभालीच्या गाड्या ओढत होती.

आता तोटा. 5700 वर्गाच्या इंजिनात 1200 गॅलन, म्हणजे सुमारे साडेपाच टन पाणी मावतं आणि एकूण वजन 48 टनांच्या आसपास. टाकी रिकामी होत आली की पकडीतला दहावा हिस्सा गेला. शंटिंगला चालून जातं. पण मोठ्या टँक इंजिनाने वेग धरला की टाकीतलं पाणी डचमळायला लागतं.

सदर्न रेल्वेच्या 'रिव्हर' वर्गाची इंजिनं अशी मोठी होती. 24 ऑगस्ट 1927 ला सेव्हनओक्सजवळ 'रिव्हर क्रे' रुळावरून घसरलं, डबे पुलावर आदळले, 13 माणसं गेली. नंतर हीच इंजिनं दुसऱ्या कंपनीच्या चांगल्या रुळांवर चालवून पाहिली, तिथे ती वेगातही स्थिर धावली. चौकशीत दोष मुख्यतः सेव्हनओक्सच्या रुळांना दिला गेला. खडी निकृष्ट, पाण्याचा निचरा नाही. पण प्रवाशांचा विश्वास उडाला तो इंजिनांवरून. कंपनीने वर्गातल्या सगळ्या इंजिनांच्या टाक्या काढल्या आणि मागे टेंडर जोडले.