‘हडळ’ नव्हे, आणि ‘सवत’ तर मुळीच नव्हे

प्रश्न असा : पोलिश लोककथांवर बेतलेल्या अद्भुत कादंबरीचा अनुवाद चालू आहे. ऐन हिवाळ्यात, बर्फाने वेढलेल्या मुलखात दोन चेटकिणी आधी एकमेकींशी वैर धरतात आणि मग एकमेकींच्याच प्रेमात पडतात. त्यांना ‘सवती हडळी’ म्हणावे का?

हडळ म्हणू नका. अनुवादांत हडळ, जखीण, डाकीण, चेटकीण सगळे एका मापाने मोजलेले वाचून जीव विटला. हडळ हे मेलेल्या बाईचे भूत. चेटकीण जिवंत असते, विद्या शिकलेली असते.

‘विद्या’ इथे सहज आलेली नाही. पोलिशमध्ये चेटकिणीला ‘व्येज्मा’ म्हणतात. ‘व्येजेच’ म्हणजे जाणणे, त्यापासून ती जाणती. आपला विद् धातू आणि वेद याच कुळातले. इंग्रजी ‘विच’ही ‘ज्ञानी स्त्री’च, असे ठोकून देणाऱ्यांचे मात्र ऐकू नका, त्या शब्दाचे मूळ अनिश्चित आहे. आणि पोलिश संस्कृतातून निघाली, असेही कोणी म्हणू नये. दोघींची पणजी एक, एवढेच. (‘झिमा’ म्हणजे पोलिश हिवाळा. तो आणि आपला हिवाळा, दोन्ही ‘हिम’च्या गोतातले.)

खरी गंमत दुसऱ्या शब्दात आहे : ‘चारोव्नित्सा’. यातला ‘चार’ म्हणजे जादू, आणि त्याचे मूळ ‘करणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूत. संस्कृत ‘कृ’ त्याच धातूचा. आता मराठी ‘करणी’ आठवा! करणी हा भीतीपोटी वापरलेला आडपडद्याचा शब्द आहे, असे सांगितले जाते. मला ते साफ अमान्य आहे. अथर्ववेदात जादूटोण्याला उघड ‘कृत्या’ म्हटले आहे आणि तो करणाऱ्याला ‘कृत्याकृत्’. पाचव्या कांडात तर ती कृत्या करणाऱ्यावरच परत जावो, अशी मागणी आहे. आपल्याकडे आजही करणी ‘उलटवतात’. शब्द, क्रिया आणि भीती, तिन्ही इतकी जुळत असताना आडपडदा कसला? जे केले जाते ती करणी, हा अर्थ वेदकाळापासून सरळ चालत आला आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच घराण्यातला फारसी ‘चारा’, म्हणजे उपाय. ‘दुसरा चारा नाही’ यातला चारा गुरांचा नव्हे, हाच आहे. ज्याच्याकडे उपाय उरला नाही तो बे-चारा, आपला बिचारा. चेटकिणीची जादू आणि बिचाऱ्याची असहायता एका मुळाची निघते, यापरते सुख मला दुसऱ्या कुठल्या व्युत्पत्तीने दिलेले नाही.

राहिली सवत. ती ‘सपत्नी’वरून आली, म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. या दोघींच्या गोष्टीत नवराच नाही, मग सवत कुठून येणार? ‘वैरिणी’ लिहा. प्रेमात पडल्यावर तोच शब्द एकमेकींना लाडाने हाक मारायलाही चालेल.