बटाट्याचं नाव मुळात रताळ्याचं

'बटाटा हा पोटॅटोचाच अपभ्रंश ना?' असं विचारलंय. नाही! शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, नावासकट. त्यांच्या भाषेत तो आजही 'बताता'च.

हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा, आणि त्यांचा बताता म्हणजे रताळं. बटाटा अँडीज पर्वतातला, केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. दोन्ही कंद युरोपात पोचले आणि नावांची गल्लत झाली. इंग्रजी पोटॅटोसुद्धा आधी रताळंच होतं. १५९७ साली जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाला बटाटा वेगळा दाखवण्यासाठी 'व्हर्जिनियाचा' असं विशेषण लावावं लागलं. स्पेनमध्ये बताता म्हणजे रताळं आणि 'पताता' म्हणजे बटाटा. पापा आणि बताता यांच्या मिसळणीतून पताता झाला, असं स्पॅनिश अकादमी सांगते. मान्य. पण पोपलाही स्पॅनिशमध्ये 'पापा' म्हणतात, म्हणून भाविकांनी कंदाचं ते नाव टाळलं, ही जी कथा सांगतात ती मला साफ अमान्य आहे. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत आणि कॅनरी बेटांवरही पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक माणसं बटाट्याला पापाच म्हणत आली आहेत. त्यांचं काही अडलं नाही.

फ्रेंच आणि डच लोक त्याला 'जमिनीतलं सफरचंद' म्हणतात, ते सोडा. चेक 'ब्रांबोर' ब्रांडेनबुर्ग प्रांताच्या नावावरून आला. पण खरी मजा जर्मन 'कार्टोफेल'मध्ये आहे! इटालियनमध्ये 'टार्टुफो' म्हणजे जमिनीखाली वाढणारी ट्रफल ही वासाची अळंबी. बटाटाही मातीखालीच सापडतो, म्हणून त्याला 'टार्टुफोलो' म्हणू लागले. जर्मनमध्ये त्याचं 'टार्टुफेल' झालं. एका शब्दात दोन 'ट' जिभेला जड गेले, पहिल्याचा 'क' झाला. आपल्या नांगराचंही असंच झालंय: संस्कृत 'लांगल' मोठ्याने म्हणून बघा, दोन 'ल' कसे अडखळवतात ते कळेल. रशियनांनी कार्टोफेल जर्मनांकडून तयारच उचलला.

आणि आपलं रताळं? संस्कृत 'रक्तालु', इथल्या तांबड्या कंदाचं जुनं नाव. त्यातला 'आलु' म्हणजेच हिंदीतला आलू. अमेरिकेतून आलेल्या बतातावर आपण हे घरचं नाव चढवलं. उपासाच्या ताटात रताळ्याचा कीस आणि बटाट्याची भाजी शेजारी शेजारी असतात, आणि एकाचं नाव दुसऱ्याकडे असतं.