खोलीत फक्त इलेक्ट्रिक केटल असेल, तर पोटभर आणि नीट जेवण कसे करता येईल?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की, कॉट बेसिसच्या (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन राहायच्या) खोलीत शेगडीला मनाई आहे, केटल चालते, आणि मेसला सुट्टी असली की नूडल्सशिवाय काही सुचत नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी पुण्यात सदाशिव पेठेत अशाच एका खोलीत अडीच वर्षे काढली. आमची मेस रविवारी रात्री बंद असे आणि अभ्यासिकेतून साडेनऊला परतल्यावर दीड लिटरची केटल हेच माझे स्वयंपाकघर असे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगेन की, केटलमध्ये अन्न शिजवू नये. केटलने फक्त पाणी उकळावे आणि शिजवण्याचे काम झाकणाच्या भांड्यावर सोपवावे.

हे शहाणपण मला पहिल्याच महिन्यात नुकसान सोसून आले. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन मी थेट केटलमध्ये घातली, तेव्हा डाळीचा फेस तोटीतून उतू जाऊन खालच्या बैठकीवर सांडला, आमच्या मजल्याचे दिवे गेले आणि तळाला जी काळी खरपुडी धरली, तिचा वास पुढे कितीतरी दिवस चहाला येत होता. केटल बंद कशी होते हे समजून घेतले असते, तर हा प्रयोग मी केलाच नसता. झाकणाखालून मागच्या बाजूला एक छिद्र असते; पाणी उकळले की वाफ त्यातून खटक्याजवळच्या दुहेरी धातूच्या चकतीपर्यंत पोहोचते, चकती वाकते आणि खटका पडतो. म्हणजे उकळी आली की केटलचे काम संपते, आणि खिचडीचे तर तिथून सुरू होते. काही मुले झाकण उघडे ठेवतात, जेणेकरून वाफ चकतीपर्यंत जाऊ नये आणि पाणी उकळतच राहावे. तसे करू नये, कारण पाणी आटले तर तळाशी असलेल्या सुरक्षा खटक्यावरच सगळी भिस्त राहते. शिवाय १५०० वॅटची केटल सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढते आणि खोलीतला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो; म्हणून गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा मोठा प्लगच वापरावा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

आता मुख्य खरेदी. पाऊण लिटरचा, रुंद तोंडाचा, स्टीलचा चांगला थर्मास घ्यावा. जेवणाचा खरा कर्ता तोच आहे. अर्धी वाटी तांदूळ (माझ्याकडे आंबेमोहोर असे, पण कोलमही चालतो) अर्धा तास भिजवून, निथळून थर्मासात घालावा. त्यावर उकळते पाणी ओतून झाकण लावावे आणि पाच मिनिटांनी ते पाणी चक्क फेकून द्यावे. हे पहिले पाणी थर्मासाची भिंत आणि तांदूळ तापवण्यापुरतेच असते. ते वगळले, तर दाणा मध्ये टचटचीत राहतो. मग पुन्हा उकळी आणून तीन वाट्या पाणी आणि मीठ घालावे, झाकण घट्ट लावावे आणि दीड तास उघडू नये. थर्मास जवळजवळ भरलेला असावा, कारण आत मोकळी जागा राहिली की उष्णता लवकर उतरते. जो तयार होतो तो मोकळा भात नव्हे, पेजेकडे झुकणारा गुरगुट्या भात होय. त्यावर मेतकूट, तूप आणि लिंबाची फोड घेतली की आजारी माणसाचे जेवण म्हणून नाक मुरडणारेही दुसऱ्यांदा वाढून घेतात. मेतकूट भाजलेल्या डाळींचे असल्याने ते शिजवावे लागत नाही. दोन तास भिजवलेली मूगडाळ तांदळासोबत घातल्यास दोन तासांत खिचडीही होते. तुरीची डाळ मात्र मी तीनदा करून पाहिली आणि तिन्ही वेळा ती दाताखाली कचकचली.

घरून आणायच्या वस्तूंत फोडणीला पर्याय नाही. तेल, मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या आणि कुरकुरीत तळलेला कढीलिंब अशी फोडणी बरणीत भरून आणली, की उकळत्या पाण्यातल्या बेचव पदार्थाचे जेवण होते. त्यात ओला लसूण घालून बरणी बाहेर ठेवू नये, कारण तेलात बुडालेला ओला लसूण धोकादायक जंतूंना पोसतो. उपम्यासाठी बारीक रवा खमंग भाजून, त्यातच फोडणी, उडीदडाळ, मीठ आणि चिमूटभर साखर मिसळून डबा भरून ठेवावा. एक वाटी मिश्रणावर जेमतेम दोन वाट्या उकळते पाणी घालून ढवळावे आणि ताटली झाकून आठ मिनिटे थांबावे. जाडा रवा अशा पद्धतीने फुलत नाही.

माझा आवडता पदार्थ मात्र कुळथाची पिठी. आमचे घर चिपळूणजवळचे, त्यामुळे कुळीथ भाजून दळलेले पीठ कायम असे. दोन मोठे चमचे पीठ आधी पाव वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. थेट उकळते पाणी ओतले, तर वरून शिजलेल्या आणि आतून कोरड्या अशा गोळ्या होतात, ज्या चमच्याने कितीही ठेचल्या तरी मोडत नाहीत. मग एका हाताने सतत ढवळत, दोन वाट्या खळखळते पाणी धारेने सोडावे. पीठ आधीच भाजलेले असल्याने कच्चेपणा राहत नाही आणि धार अर्ध्यावर आली की चमचा जड लागू लागतो. त्यात आमसूल, मीठ, फोडणी घालून दहा मिनिटे थर्मासात ठेवावी. भातावर घ्या किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या दोन पोळ्यांसोबत खा.

भाज्यांचे फारसे अवघड नाही. मोड आलेल्या मटकीवर दोनदा उकळते पाणी ओतून प्रत्येक वेळी पाच मिनिटे झाकून ठेवावे, निथळावे आणि फोडणी, गोडा मसाला, कांदा घालावा. सोयाबीनच्या वड्याही पंधरा मिनिटांत फुगतात. फक्त त्या नीट पिळून घ्याव्यात. अंडी चालत असतील, तर केटलमध्ये न शिजवण्याच्या नियमाला तेवढा अपवाद करावा: ती धुऊन केटलमध्ये गार पाण्यात बुडवावीत, खटका पडू द्यावा आणि झाकण न उघडता पंधरा मिनिटे थांबावे. ते पाणी चहाला वापरू नये.

राजमा मात्र थर्मासात कधीही करू नये. त्यातले नैसर्गिक विष जाण्यासाठी भिजवलेला राजमा निदान दहा मिनिटे खळखळ उकळावा लागतो, आणि नुसत्या गरम पाण्यात अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधू शकतो. तसेच भात शिजला की लगेच खावा. कोमट थर्मासात सकाळपर्यंत ठेवू नये.

घरमालकांनी वीजबिलाचा विषय काढलाच, तर हिशेब सोपा आहे: एक लिटर पाणी उकळायला सुमारे चार मिनिटे आणि एका युनिटचा दहावा भाग लागतो. आमच्या घरमालकीणबाईंनी हा हिशेब कागदावर मांडून घेतला, केटलला परवानगी दिली आणि त्यानंतर मी गावाहून येताना कुळथाचे पीठ त्यांच्यासाठीही अर्धा किलो आणावे, अशी अट घातली.