पेठेत काय पाहू, काय घेऊ?

सुट्ट्या लागल्या की या सदराकडे दोन तऱ्हेची पत्रं येतात. पुण्यात काय पाहायचं, ही एक. पुण्याहून काय न्यायचं, ही दुसरी. या वेळी दोन्ही एकत्र घेतली आहेत, कारण जुन्या पेठांमध्ये ती वेगळी काढताच येत नाहीत. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचा सगळा पसारा पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहे, आणि मधल्या बहुतेक बोळांत काही ना काही घडतं किंवा विकलं जातं.

प्रश्न : नागपूरहून येतोय. हातात एकच दिवस आहे. सोबत सत्तरीची आई आणि दहा वर्षांचा मुलगा. ऐतिहासिक ठिकाणंही बघायची आहेत आणि आठ-दहा नातेवाइकांसाठी काहीतरी घ्यायचंही आहे. क्रम कसा लावावा?

पहिलं म्हणजे गाडी घेऊन पेठेत शिरू नका. पार्किंग शोधण्यात आईंचा उत्साह संपेल. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालंय, त्यामुळे स्वारगेटकडून एका स्थानकात तुम्ही पेठांच्या पोटात उतरता. उरलेलं रिक्षानं आणि पायी.

सकाळी उघडल्या उघडल्या शनिवारवाडा. उन्हाच्या आत तो आटपला पाहिजे, आत सावली फार नाही. समोरच लाल महाल आहे. तिथं मुलाला एक गोष्ट खरी खरी सांगा : आत्ताची इमारत महापालिकेनं १९८०च्या दशकात बांधलेली आहे. शिवाजी महाराजांनी ५ एप्रिल १६६३च्या रात्री शाहिस्तेखानावर छापा घातला तो वाडा केव्हाच गेला. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि ‘मग तो कुठं गेला?’ हा त्याचा पुढचा प्रश्न फार चांगला असतो. तिथून कसबा गणपती, आणि त्याच पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी. तिथं सकाळीच जायचं, कारण काम चालू असताना पाहण्यात मजा आहे.

जेवणानंतर राजा दिनकर केळकर संग्रहालय. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथं आहे : खरेदीच्या आधी केळकर संग्रहालय बघा, नंतर नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हे संग्रहालय उभं केलं. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. पण त्या थोड्यांतही अडकित्ते पाहा, दिवे पाहा, पाय घासायच्या वज्र्या पाहा. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणी त्याला पोपट केलंय, कुणी घोडा. तास-दीड तास हे पाहिलं की डोळा तयार होतो, आणि बाहेर पडल्यावर निम्म्या दुकानांतली निम्मी वस्तू आपोआप नकोशी होते. पैसे वाचतात. आईंना मात्र सांगा, वरच्या मजल्यांसाठी जिने आहेत. खालचा मजला सावकाश पाहिला तरी चालेल.

पाचनंतर तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड. खरेदी शेवटी ठेवा, नाहीतर पिशव्या सांभाळत वाडे पाहावे लागतील. दुपारी एक ते चार दुकानं बंद असण्याचा विनोद आता शिळा झालाय, पण लहान दुकानदार अजून दुपारी खरंच घरी जेवायला जातात. ती वेळ संग्रहालयाला देणं सगळ्यांच्याच सोयीचं.

प्रश्न : शनिवारवाड्यात आत काहीच नाही, नुसती बाग आहे, असं सगळे म्हणतात. तिकीट काढून जावं का?

जावं. पण काय बघायला जातोय ते ठरवून जावं.

वाडा गेला तो १८२८च्या आगीत. उरला तो तट, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. ज्यांना झुंबरं आणि गाद्या पाहायच्या आहेत त्यांची निराशा होणारच. तुम्ही बाहेरूनच सुरुवात करा. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला टोकदार खिळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. मोठ्या दरवाजातच माणसापुरता लहान दिंडी दरवाजा आहे. शत्रू आला तर एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. हे पाहिल्यावर आत शिरणं वेगळं वाटतं.

मग तटावर चढा. तिथून खालची जोती नकाशासारखी दिसतात. कुठं चौक होता, कुठून कुठं माणूस जात असेल, हे खालून कळत नाही, वरून कळतं. पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, पहिल्या बाजीरावांची. वास्तुशांत १७३२ला. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला. म्हणजे या वाड्याचा सगळा दिमाख आणि सगळी पडझड मिळून शंभर वर्षांच्या आतली आहे. कमळाच्या आकाराचं हजारी कारंजंही पाहा. सोळा पाकळ्या आहेत, नाव हजारी असलं तरी तोट्या हजार नाहीत.

पौर्णिमेच्या रात्री इथं नारायणरावांच्या हाका ऐकू येतात म्हणतात, ते आवाज वगैरे विचारू नका. नदी आणि रस्ता दोन्ही जवळ आहेत, आवाज कसला ना कसला असणारच.

ज्यांना पेशवाईतलं लाकूडकाम खरंच उभं असलेलं पाहायचंय त्यांनी विश्रामबागवाड्यापुढं थांबावं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७मध्ये पुरा झाला. सुरूच्या आकाराचे खांब आणि रस्त्यावर झुकलेली कोरीव लाकडी गॅलरी तिकिटाशिवाय, फुटपाथवरून दिसते. आतला किती भाग खुला आहे ते त्या दिवशी दारात विचारा. तुळशीबागेत जाणाऱ्या हजारो बायका रोज या वाड्याखालून जातात. मान वर करणाऱ्या थोड्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. ऑफिसमधल्या वरिष्ठ बाईंसाठी तांबट आळीतून काहीतरी न्यायचं मनात आहे. हातानं केलेलं आहे हे कसं ओळखायचं? आणि त्या परक्या बाई तांब्याचं करतील काय?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण भेट तिथंच फसते. बंब आणि घागर पाहून आपण भारावतो. पण ज्यांच्या घरी त्याची जागा नाही त्यांच्याकडे ती वस्तू आठवडाभरात कपाटात जाते. तुमच्या वरिष्ठ बाईंसाठी पाणी प्यायचा लोटा-भांडं, फुलं ठेवायला लहान गडू, किंवा टेबलावरचा मठारलेला, म्हणजे हातोडीचे ठोके घातलेला, वाडगा घ्या. आळीतले कारागीर आता दिव्यांच्या छत्र्या आणि ट्रेही करतात. त्यांना जुनं रूपच लागतं असा हट्ट आपण कशाला धरायचा?

आता ओळख. तांबट पत्रा ठोकून भांड्याला आकार देतात आणि मग लहान हातोडीनं सगळ्या अंगावर ठोके घालतात. हेच मठारकाम. ते नुसतं दिसायला नसतं : ठोक्यांनी धातू कडक होतो, भांड्याला सहजी पोचा पडत नाही. हातानं मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या ओळी गोल फिरत जातात, पण एक ठोका दुसऱ्यासारखा नसतो. कुठं किंचित खोल, कुठं दोन एकमेकांवर चढलेले. साच्यातून काढलेल्या भांड्यावर सगळे खळगे एका मापाचे असतात. भांडं उलटं करून आत बोट फिरवा. आतूनही ठोक्यांची चाहूल लागली पाहिजे. वजन हातात घेऊन पाहा. आणि खिशात छोटं लोहचुंबक असेल तर लावून बघा, तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर वर नुसता मुलामा आहे. दुकानदाराला राग येत नाही, आला तर दुसरीकडे जा.

किंमत साधारण वजनावर आणि वर मजुरी अशी सांगितली जाते. इथं तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका. समोरच्या माणसानं दिवसभर हातोडी चालवलेली असते.

एक गोष्ट भेटीसोबत चिठ्ठीवर लिहून द्याच. आतून कलई, म्हणजे कथलाचा थर, नसलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणी चालतं. दही, ताक, लिंबू, चिंच असं आंबट काही चालत नाही. स्वयंपाकाला घ्यायचं असेल तर कलई केलेलंच घ्या, आणि ते रिकामं तापवायचं नाही, कथील लवकर वितळतं. शोभेच्या काही भांड्यांवर चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक थर दिलेला असतो. ती पाण्यासाठी वापरू नयेत, म्हणून घेतानाच विचारा. डाग पडले तर चिंच आणि मीठ. न्यू जर्सीतही दोन्ही मिळतात.

प्रश्न : वरच्यासारखाच प्रश्न, पण जुन्या वस्तूंचा. जुन्या बाजारात मराठेशाहीतली शिवराई नाणी आणि जुने पितळी दिवे मिळतात म्हणे. लंडनला भावासाठी न्यायचे आहेत.

बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हिंडायला फार छान. कुलपं, घड्याळं, ग्रामोफोनचे भोंगे, नाणी, सगळं. पण परदेशी न्यायचं असेल तर हात आखडता घ्या.

१९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांसाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. नाणीही त्यात येतात. म्हणजे तुमच्यापुढं दोनच शक्यता : शिवराई खरी असेल तर ती नेणं बेकायदा, आणि खोटी असेल तर नेण्यात अर्थ नाही. दिव्याचंही तसंच. विक्रेता ‘दोनशे वर्षं जुना’ म्हणाला आणि विमानतळावर तुम्ही ते वाक्य पुन्हा म्हणालात, तर अडकाल. वस्तू जुनी दिसते पण जुनी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तसं प्रमाणपत्र देतं. पण सुट्टीत आलेल्या माणसाला त्यासाठी वेळ असतो का, तुम्हीच ठरवा.

भावासाठी आजच्या कारागिराचा नवा दिवा न्या. कागद लागत नाहीत, आणि शंभर वर्षांनी तोही जुना होईल.

प्रश्न : लेकीच्या सासूबाईंना पैठणी द्यायची आहे. बजेट तीन हजार. लक्ष्मी रोडवर चांगली कुठं मिळेल?

ताई, तीन हजारांत हातमागाची रेशमी पैठणी मिळत नाही. मिळते ती यंत्रावरची, आणि तीही नीट सांगून विकली तर त्यात वाईट काही नाही. फसवणूक होते ती न सांगण्यात.

पदर उलटा करून पाहा. हातमागावर पदरातले मोर, मुनिया, आसावली एकेका रंगाचा धागा गुंतवत विणतात, म्हणून उलटी बाजूही जवळपास सुलट्यासारखी स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीला मागं धाग्यांची जाळी लोंबते किंवा कापलेली टोकं दिसतात. रेशमाची खात्री हवी तर सिल्क मार्कची खूण मागा. साडीतली जर आता बहुतेक ठिकाणी शुद्ध चांदीची नसते, तसा दावा केला तर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायची तयारी नसेल तर दावाही नाही.

तुमच्या जागी मी असते तर तीन हजारांत खणाची चांगली साडी किंवा हातमागाची इरकल घेतली असती. सासूबाई ती नेसतील तरी. नारायणपेठ साडीही छान, पण ती पुण्याच्या नारायण पेठेतली समजून घेऊ नका. ते गाव तेलंगणात आहे.

प्रश्न : तुळशीबागेत भाव किती पाडावा?

पक्क्या दुकानांत फारसा पडत नाही. बाहेरच्या पथारीवर पडतो. पहिली किंमत ऐकून निम्मी सांगण्याची पद्धत आता विक्रेत्यांनाही पाठ झाली आहे, त्यामुळे ते दुप्पट सांगूनच सुरुवात करतात. त्यापेक्षा तीच वस्तू तीन ठिकाणी विचारा, भाव आपोआप कळतो. मुलींसाठी भातुकली घ्याच. पितळी पोळपाट-लाटणं, चूल, बंब, सगळं बोटभर.

आणि गर्दीला कंटाळलात तर मधोमध राममंदिर आहे, तिथं शिरा. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी १७६१मध्ये ते बांधायला घेतलं. आधी बाग, मग देऊळ, मग बाजार, असा हा क्रम. पुढं मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ची. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना तिच्यावरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता, आणि आज तिला नाव त्यांचंच आहे.

प्रश्न : वडील गांधीवादी, ऐंशीचे. गर्दी सोसत नाही. त्यांना कुठं नेऊ?

आगाखान पॅलेसला. पेठांपासून दूर, नगर रस्त्यावर, मोठी झाडं आणि बसायला जागा. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ गांधीजी इथं कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथंच १५ ऑगस्ट १९४२ला गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. भेटवस्तू तिथून निघाल्यावर खादीच्या दुकानातून घ्या, वडिलांनाच निवडू द्या.

प्रश्न : विमानात बाकरवडी चालते का?

चालते. सुकी आहे, टिकते. सीलबंद पाकीट घ्या, तारीख बघा आणि हातातल्या सामानात ठेवा. खाली ठेवलेल्या बॅगेत चुरा होतो. श्रूजबेरी बिस्किटांचंही तसंच. ती लष्कर भागातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, बेकऱ्यांतून सकाळीच घ्यावी लागतात, दुपारपर्यंत संपतात. परदेशी जाणाऱ्यांनी कस्टम्सच्या अर्जावर खाद्यपदार्थ आहेत असं लिहायचं, लपवायचं नाही. आंबा बर्फी मात्र घरी पोचून दोन-तीन दिवसांत संपणार असेल तरच न्या.